एकाच नाण्याचे चार भाव : प्रदर्शनात नाणी विकताना काय समजून घ्यावे

सातारा किंवा सांगलीसारख्या शहरात एखाद्या मंगल कार्यालयात दोन-तीन दिवसांचे नाण्यांचे प्रदर्शन भरते, तेव्हा तेथे मुरलेल्या संग्राहकांबरोबरच आजोबांच्या पेटीतील नाणी रुमालात बांधून आणलेली माणसेही दिसतात. त्यांतील बरीचशी परत जाताना एकच तक्रार करतात : मोबाइलवर दोन हजारांना दिसणाऱ्या नाण्याला टेबलामागच्या व्यापाऱ्याने बाराशेच देऊ केले. या तक्रारीत कधीकधी तथ्य असते, परंतु बहुतेक वेळा ती एका गैरसमजातून आलेली असते. नाण्याला एकच 'खरा' भाव असतो, हा तो गैरसमज होय. प्रत्यक्षात जुन्या नाण्याला चार भाव असतात : मोडीचा भाव (म्हणजे नाणे वितळवल्यास मिळणाऱ्या धातूची किंमत), व्यापाऱ्याचा खरेदीचा भाव, त्याच व्यापाऱ्याचा विक्रीचा भाव आणि लिलावात निघणारा भाव. कोणत्या नाण्याच्या बाबतीत यांपैकी कोणता भाव मागणे वाजवी आहे, एवढे घरातून निघण्यापूर्वी ठरवता आले, तर विक्रीचे निम्मे काम झाले.

मोडीपासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब नेमका करता येतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यातील चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी जवळजवळ १०.६९ ग्रॅम होती. चौथा विल्यम, राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे राजे बदलत गेले, तरी हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली. तेव्हा त्याच वजनाच्या नाण्यात चांदी उरली ५.८३ ग्रॅम. १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत, त्यांत चांदी मुळीच नाही. चांदीचा दर ग्रॅमला शंभर रुपये आहे असे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरले, तर राणीछाप रुपयातील चांदीचे मूल्य १,०६९ रुपये, १९४४ च्या राजाछाप रुपयाचे ५८३ रुपये आणि १९४७ च्या वाघाच्या रुपयाचे शून्य येते. घरच्या पेटीत हे तिन्ही रुपये एकाच पुडीत असतात आणि काळवंडल्यामुळे वरवर सारखेच दिसतात, म्हणून त्यांची साले वाचून वेगळे गठ्ठे करणे हे पहिले काम आहे. झिजलेल्या नाण्याचे वजन कमी भरते. सराफ ती तूट आणि गाळण्याची घट धरूनच भाव सांगतो, आणि त्यात गैर काही नाही.

मोडीचा विषय या भागात अधिकच जवळचा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत आणि चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले हुपरी सांगलीपासून फार दूर नाही. चांदी तेजीत आली की रुपये मुशीत जातात, आणि एकदा वितळलेल्या रुपयाचे साल कोणालाही वाचता येत नाही. त्यामुळे मोडीचा भाव हा तळ समजावा : चांदीचे नाणे या भावाखाली देण्याचे कारण नाही, आणि साल तपासून झाल्याशिवाय या भावाने देऊन टाकण्याचीही घाई करू नये.

आता व्यापाऱ्याच्या दोन भावांमधील अंतराकडे येऊ, कारण राग येतो तो याच ठिकाणी. सांगलीच्या बाजार समितीत हळदीच्या सौद्याला जो भाव निघतो, तो किराणा दुकानातील हळदपुडीचा भाव नसतो, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नाण्यांच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट फसवणूक वाटते. समजा, एखाद्या नाण्याला संग्राहक दोन हजार रुपये देतो आणि व्यापारी तुमच्याकडून ते तेराशेला घेतो. मधल्या सातशे रुपयांत टेबलाचे भाडे, प्रवास, मुक्काम, मदतनिसाचा पगार आणि कर हे खर्च येतात. शिवाय ते नाणे विकले जाईपर्यंत अडकून पडलेले भांडवल आणि नाणे खोटे निघाल्यास संग्राहकाला पैसे परत करण्याची जोखीमही त्यातच असते. मागणी असलेले नाणे महिनाभरात विकले जाते, म्हणून त्यावर व्यापारी कमी अंतर ठेवतो; राणीछाप रुपयांसारख्या हातोहात खपणाऱ्या मालात हे अंतर अगदी थोडे असू शकते. ज्या नाण्याला गिऱ्हाईक सापडायला दोन वर्षे लागतील, त्याला तो किंमत-यादीच्या निम्माही भाव देणार नाही. कमी भाव सांगणारा व्यापारी लबाडच असतो असे नाही. कित्येकदा त्या प्रकारच्या नाण्यांचे गिऱ्हाईकच त्याच्याकडे नसते. म्हणून एका टेबलावर नकार मिळालेले नाणे चार टेबले सोडून चांगल्या भावाने जाते, यात नवल नाही.

मोबाइलवर दिसलेल्या भावाविषयी येथेच एक खुलासा करणे योग्य ठरेल. जाहिरातीत मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मोजली गेलेली किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणीही कोणत्याही नाण्यापुढे पाच लाखांचा आकडा लिहू शकतो. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर पूर्वीच्या लिलावांचे निकाल मिळतात. तेथे तेच साल, तीच टांकसाळ आणि जवळपास तशीच अवस्था असलेले नाणे कितीला गेले, ते पाहावे.

अवस्था हा शब्द आला, आणि किमतीत सर्वाधिक फरक याच एका गोष्टीने पडतो. नाण्याची झीज मोजण्यासाठी जगभर १ ते ७० गुणांची शेल्डन श्रेणी वापरतात. अमेरिकेतील पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणे तपासून, गुण देऊन, प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देतात. आपल्याकडील टेबलांवर मात्र 'फाइन', 'व्हीएफ' (व्हेरी फाइन), 'एक्सएफ' (एक्स्ट्रीमली फाइन), 'यूएनसी' हे चढत्या क्रमाचे शब्दच अधिक चालतात. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेले, टांकसाळीतून निघाले तसेच राहिलेले नाणे. राणीछाप रुपया पाहताना राणीच्या गालाचा उंचवटा, केसांच्या बटा आणि वस्त्रावरील नक्षी बघतात, कारण सर्वांत वर आलेले भाग सर्वांत आधी झिजतात. सर्वसामान्य सालाचा रुपया झिजलेला असेल तर तो मोडीच्या आसपास जातो. तोच रुपया मूळ चकाकीसह राहिला असेल, तर त्याची किंमत कित्येक पट होते. विकणाऱ्याला आपले नाणे नेहमीच एक पायरी वरचे दिसते आणि विकत घेणाऱ्याला एक पायरी खालचे, हे गृहीत धरूनच बोलणीला बसावे.

प्रदर्शनाला नेण्यापूर्वी नाणी घासून चकचकीत करण्याची ओढ अनेकांना असते, आणि माझ्या मते घरगुती संग्रहांचे जेवढे नुकसान चोरांनी केले नसेल तेवढे चिंच, रांगोळी आणि भांडी घासायची पावडर यांनी केले आहे. घासल्याने पृष्ठभागावर केसासारखे असंख्य ओरखडे उमटतात, जे भिंगाखाली लगेच कळतात. चांदीवरचा करडा-निळसर थर किंवा तांब्यावरचा तपकिरी थर हा मळ नसतो. धातूवर वर्षानुवर्षे जमलेला तो संरक्षक थर असतो आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या अल्बमचेही असेच आहे. त्यातून सुटणाऱ्या रसायनामुळे नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. माळेत ओवण्यासाठी नाके जोडलेले रुपये या भागात पुष्कळ घरांत आहेत. नाके काढून टाकले तरी डाग राहतोच, आणि अशा नाण्याला, फार दुर्मीळ साल नसेल तर, मोडीपेक्षा थोडा अधिक भाव मिळाला तरी पुरेसा मानावा.

दुर्मीळतेविषयी लोकांचा सर्वसाधारण समज असा असतो की, जितके जुने तितके महाग. हे खरे नाही. १८४० चा कंपनी रुपया शंभर वर्षांनी लहान असलेल्या १९३९ च्या रुपयापुढे किमतीत फार मागे पडतो. १९३९ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत जुन्या प्रमाणाच्या चांदीचे जे रुपये पाडले, त्यांतील फारच थोडे आज उरले आहेत. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपयाही असाच. त्यावर राजाच्या वस्त्रावरील हाराच्या पदकातील हत्ती डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप घेतला गेला, तेव्हा बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड व पाय नीट दाखवणारा नवा ठसा आला. व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असे लिहिलेले असते. १८६२ हे साल मात्र पुढे अनेक वर्षे तसेच घातले गेले आणि प्रत्यक्ष वर्ष ओळखण्यासाठी मागील बाजूस बारीक टिंबे दिली गेली. त्यामुळे १८६२ च्या दोन रुपयांत केवळ टिंबांच्या संख्येवरून किमतीचा फरक पडतो. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवरही सालाखालचे चिन्ह बघावे लागते : मुंबईसाठी हिरा, हैदराबादसाठी तारा, नोएडासाठी टिंब, आणि कोलकात्याचे नाणे चिन्हाविना असते. एकाच सालाचे एका टांकसाळीचे नाणे मुबलक आणि दुसरीचे दुर्मीळ, असे अनेकदा आढळते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हमखास निघणारे नाणे म्हणजे तांब्याची शिवराई. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. छत्रपतींची गादी १७०८ पासून साताऱ्यात असल्यामुळे येथे सापडलेली प्रत्येक शिवराई थेट शिवाजी महाराजांच्या काळातील आहे, असे सांगण्याचा मोह विकणाऱ्याला होतो आणि ऐकणाऱ्यालाही ते आवडते. वस्तुस्थिती अशी आहे की, महाराजांच्या नावाची ही नाणी पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ अनेक ठिकाणी, सरकारी आणि खासगी टांकसाळींत पाडली जात होती. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही उत्तरकाळातील असून ती इतकी मुबलक आहे की, जुन्या बाजारात तिचे ढीगच्या ढीग विकले गेले आहेत. सुरुवातीच्या मानल्या जाणाऱ्या शिवराई नाण्यांवरील अक्षरांची धाटणी, टिंबांचे कडे आणि त्यांचे वजन वेगळे असते. त्यांची पारख हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि तो अभ्यास असणाऱ्या व्यापाऱ्यालाच अशी शिवराई दाखवण्यात अर्थ आहे. सोन्याच्या शिवकालीन होनाविषयी एवढेच सांगतो की, कोणी तो होन म्हणून प्रदर्शनात सहज विकायला आणला असेल, तर तो बनावट असण्याची शक्यताच फार मोठी आहे.

मराठ्यांच्या चांदीच्या रुपयाचा गोंधळ याच्या उलट आहे. त्यावर मजकूर फारसीत असतो आणि नाव मोगल बादशहाचे असते, म्हणून घरातील माणसे तो 'मोगली' म्हणून मोडीत देऊन टाकतात. पेशवाईतील अंकुशी रुपयावर फारसी मजकुराच्या जोडीला अंकुशाचे चिन्ह असते. मिरजेच्या टांकसाळीच्या रुपयांवर त्या गावाचे मोगलकालीन नाव 'मुर्तजाबाद' येते. ठसा मोठा आणि नाण्याची चकती लहान असल्यामुळे टांकसाळीचे नाव बहुधा अर्धवटच उमटलेले असते. ज्या नाण्यावर ते पूर्ण वाचता येते, त्याला संग्राहक अधिक पैसे देतो. मिरजेचा रुपया सांगलीतल्या संग्राहकाला जेवढा हवा असतो, तेवढा चेन्नईतल्या संग्राहकाला नसतो, आणि म्हणून असे नाणे स्थानिक प्रदर्शनात विकणे फायद्याचे ठरते.

खोट्या नाण्यांची भीती विकणाऱ्यालाही असली पाहिजे, कारण नाणे खोटे ठरले तर त्याची उरलेली नाणीही संशयाने पाहिली जातात. लोहचुंबकाला चिकटणारा 'चांदीचा' रुपया चांदीचा नव्हे, एवढी चाचणी कोणालाही करता येते. त्याहून चांगली एक चाचणी घरच्या घरी होते. मात्र त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा कडेला न लागता पाण्यात पूर्ण बुडवून धरावे. काट्यावर जो आकडा येतो, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. पूर्ण वजनाच्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयासाठी तो सुमारे १.१३ ग्रॅम येतो, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयासाठी सुमारे १.२२, आणि तेवढ्याच वजनाच्या तांबे-निकेलच्या तुकड्यासाठी १.३१ च्या आसपास. नाणे झिजलेले असेल, तर त्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागावे, उत्तर १०.३ च्या जवळ आले की धातू बरोबर आहे. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा उत्तर बिघडवतो, तेवढे सांभाळावे. मात्र ही चाचणी धातूची आहे, नाण्याची नव्हे. दुर्मीळ सालांच्या नकला चांगल्या चांदीतही केल्या जातात. सामान्य सालाचा आकडा कोरून बदलण्याचे प्रकारही होतात. अशा वेळी सालाच्या आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग, कडेच्या दात्यांचा सारखेपणा आणि ओतीव नाण्यावर दिसणारी बारीक छिद्रे हे भिंगाखाली पाहणारी अनुभवी नजरच कामाला येते.

काही वस्तू तर टेबलापर्यंत नेण्याचीही गरज नाही. १८१८ हे साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि हनुमान किंवा रामपंचायतन असलेली तांब्याची नाणी कंपनीने चलनासाठी कधीच पाडली नव्हती; ती देवस्थानच्या टाकांच्या धर्तीवर बाजारात आणलेली आहेत. तांदूळ खेचून घेणारे 'राईस पुलर' नाणे ही शुद्ध ठकबाजी आहे. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, हे संदेश फिरवणाऱ्यांचा हेतू नोंदणी शुल्काच्या नावाखाली पैसे काढण्याचा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले की, जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा दलालीही घेत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणून ती दुर्मीळ झाली असेही नाही. बरण्या भरून ती अजून घराघरांत आहेत.

प्रत्यक्ष प्रदर्शनात गेल्यावर प्रथम नाणी पिशवीतच ठेवून सभागृहातून एक फेरी मारावी. कोणाकडे संस्थानी नाणी आहेत, कोणाकडे ब्रिटिशकालीन रुपये, कोणाकडे फक्त नोटा आणि कोणाकडे प्राचीन नाणी, हे काचेखालच्या मालावरून कळते. आपल्या नाण्यासारखा माल जो विकतो, तोच त्याला चांगला भाव देऊ शकतो. सुरुवातीच्या तासांत व्यापारी आपापसांत खरेदी-विक्री करत असतात आणि त्यांच्या हातात पैसा असतो, पण निवांतपणा नसतो. दुपारी जेवणानंतर गर्दी ओसरते, तेव्हा ते नाणे नीट पाहतात. टेबलासमोर दुसरे गिऱ्हाईक बोलणी करत असेल, तर त्यात आपली नाणी पुढे सरकवू नयेत. नाणे नेहमी कडेने धरून द्यावे आणि शक्यतो पारदर्शक कागदी चौकटीत घालूनच न्यावे. नाण्यांची यादी, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि आपल्या मनातील किमान भाव हे सोबत असावे. टेबलावर मांडताना आणि उचलताना नाणी मोजावीत. यात कोणाचा अपमान होत नाही, चांगले व्यापारी स्वतःच तसे सुचवतात.

पहिला आकडा कोणी बोलायचा, यावर बोलणी बऱ्याचदा अडते. "ताई, तुमची किती अपेक्षा आहे?" असे व्यापारी विचारतो, कारण अपेक्षा कमी निघाली तर त्याचा फायदा असतो. त्यावर "भाऊ, तुम्ही एकेका नाण्याचा भाव सांगा, मग मी ठरवते," हे उत्तर सभ्य आहे आणि पुरेसेही. एकूण रकमेऐवजी एकेका नाण्याचा भाव मागितल्याने व्यापारी कोणत्या नाण्याकडे खरोखर पाहतो आहे, ते उघड होते. संपूर्ण लॉट घेताना तो सरासरी भाव लावतो, आणि त्यात एखादे चांगले नाणे सामान्य नाण्यांच्या भावाने जाण्याचा धोका असतो. उलट त्याला हवी ती चारच नाणी निवडून दिली, तर उरलेली साठ कोणीच घेत नाही. माझे मत असे आहे की, धातूच्या भावाची नाणी आणि संग्राह्य नाणी हे दोन गठ्ठे घरीच वेगळे करावेत, पहिला एकरकमी द्यावा आणि दुसऱ्याची बोलणी एकेक करून करावी. आलेला भाव पटला नाही, तर "विचार करून येतो, काका," म्हणून पुढे जाण्यात संकोच वाटू देऊ नये. मात्र एका टेबलावरचा भाव दुसऱ्या टेबलावर जाहीर करून लिलाव पुकारल्यासारखे वागू नये. सभागृह लहान असते आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

काहींना पैशांऐवजी अदलाबदल करायची असते, आणि येथे हिशेबाची एक खोच लक्षात ठेवावी. व्यापारी तुमचे नाणे खरेदीच्या भावाने धरतो आणि स्वतःचे विक्रीच्या भावाने. बाजारात प्रत्येकी दोन हजारांना जाणारी दोन नाणी, एक तुमचे आणि एक त्याचे, बदलायची ठरली, तरी तो तुमच्या नाण्याचे तेराशेच मोजेल आणि वर सातशे रुपये मागेल. अदलाबदलीत त्याला रोख रक्कम काढावी लागत नाही आणि दोन्ही बाजूंनी त्याचे काम होते, म्हणून रोख विक्रीपेक्षा येथे तो बराच नमू शकतो. दोन्ही नाणी विक्रीच्या भावाने धरा किंवा दोन्ही खरेदीच्या भावाने धरा, अशी मागणी शांतपणे केली, तर ती निदान अर्धी तरी मान्य होते. दोन संग्राहक आपापसांत बदल करतात तेव्हा ही अडचणच येत नाही, म्हणून प्रदर्शनात टेबलांच्या पलीकडे, चहाच्या ठिकाणी होणारे सौदे अनेकदा दोघांनाही समाधान देणारे असतात.

फार दुर्मीळ नाणे हाती असेल, तर ते टेबलावर विकूच नये. मुंबई, पुणे, बंगळूरु येथील लिलावगृहांना ते दाखवावे. तेथे विकणाऱ्याकडून दलाली कापली जाते, पैसे हाती यायला काही महिने लागतात आणि नाणे न विकले जाण्याचीही शक्यता असते. पण ज्याच्यासाठी दोन संग्राहक भांडू शकतात, अशा नाण्याचा योग्य भाव लिलावातच निघतो. हजार-दीड हजारांच्या नाण्यासाठी मात्र हा खटाटोप परवडत नाही.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग घेणारा सख्खा भाऊ अमेरिकेत असला तरी. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून जुनी नाणी देताना व्यापाऱ्याकडे त्याची विचारणा करावी. शेतात नांगराला किंवा जुन्या वाड्याच्या पायात सापडलेल्या नाण्यांची गोष्ट निराळी आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. मातीने माखलेली नाणी थेट टेबलावर आणली, तर जाणता व्यापारी त्यांना हातही लावणार नाही. तिसरी गोष्ट पैशांची : एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्यात मनाई आहे, आणि ही जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर, म्हणजे येथे विकणाऱ्यावर येते.

सौदा ठरल्यावर व्यापारी ओळखपत्राची प्रत मागतो. ती देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहावे. त्याच्याकडून नाण्यांची यादी, एकेकाचा भाव आणि एकूण रक्कम असलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी. यूपीआयने पैसे आले असतील, तर समोरच्याच्या मोबाइलवरील हिरवी खूण न पाहता आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहून मगच नाणी सोपवावीत. जी नाणी कोणी घेतली नाहीत, त्यांच्या यादीवर कोणत्या व्यापाऱ्याने किती भाव सांगितला, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण पुढच्या प्रदर्शनापर्यंत चांदीचा दर बदललेला असतो आणि यादीवरचे हे आकडे नसतील, तर बोलणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.